आकाश निळं आहे, मग शिडाची बोट का हलत नाही?

पत्र असं आहे:

"ताई, नमस्कार. मी नाशिकची, इंदिरानगरला राहते, बँकेतून रिटायर झालेय. लेक आणि जावई दोघंही आयटीतले. दोन वर्षांपूर्वी नोकऱ्या सोडल्या, ग्रीसमध्ये एक जुनी ३८ फुटी शिडाची बोट घेतली आणि आता तिच्यावरच राहतात. सध्या सेरिफोस नावाच्या बेटावर लिवाडीच्या खाडीत नांगर टाकून बसलेत, आठवडा होत आला. म्हणतात वारा आहे. व्हिडिओ कॉलवर बघावं तर आकाश निळंशार, एक ढग नाही, मागे नुसतं ठणठण आणि शिट्टीसारखा आवाज. आम्ही दोघांनी २० ऑगस्टचं अथेन्सचं तिकीट काढलंय, ते आम्हाला बोट घेऊन अथेन्सला न्यायला येणार होते, आता जावई म्हणतात तारीख नक्की सांगता येत नाही. आमचे हे म्हणतात, अभिलाष टॉमी एकटा जग फिरून आला आणि यांना सव्वाशे किलोमीटर येता येत नाही? मी दिवसातून तीनदा फोन करते तर लेक चिडते. पुतण्याने मोबाईलवर जहाजं दाखवणारं ॲप टाकून दिलंय, त्यात बोट कधी दिसते कधी गायब होते, तेव्हा तर जीव जातो. जाऊबाई विचारतात पैसे तर संपले नाहीत ना पोरांचे. खरंच वारा आहे की काही लपवतायत? आणि आम्ही काय करायचं? – एक आई"

काकू, नमस्कार.

आधी लपवण्याच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते म्हणजे बाकीचं शांतपणे वाचाल. पोरं काही लपवत नाहीयेत. ऑगस्टमध्ये सेरिफोसला निळ्या आकाशाखाली आठवडाभर अडकून पडणं यात जगावेगळं काहीच नाही. मी आणि माझा नवरा काही वर्षं त्याच भागात बोटीवर राहून आता नाशकात परत आलोय आणि उन्हाळ्यात तिथे अडकलो नाही असं एकही वर्ष गेलं नाही. त्या वाऱ्याला तिकडे मेल्तेमी म्हणतात, जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर, उत्तरेकडून येतो, कधी एका दिवसात संपतो आणि कधी आठवडा-दहा दिवस हलत नाही. आणि त्याची खासियतच ही की तो ढग घेऊन येत नाही, पाऊस नाही, काळोख नाही, उलट हवा इतकी स्वच्छ होते की लांबची बेटं जवळ आल्यासारखी दिसतात.

आता तुम्ही म्हणाल ढग नाही तर वादळ कसलं. काकू, आपल्याकडे शहरात कडक ऊन पडलेलं असतं आणि रामकुंडावर पाणी चढत चढत दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागतं ना, कारण पाऊस इथे नाही, वर त्र्यंबककडे पडलाय आणि गंगापूरमधून विसर्ग सोडलाय. तिकडेही तसंच, कारण डोक्यावर नाहीच, बाल्कनकडे हवेचा दाब जास्त आणि तुर्कीकडे कमी, आणि त्या दोघांच्या मधल्या समुद्रावरून हवा उत्तरेकडून खाली धावते. गंमत म्हणजे तुर्कीवरचा तो कमी दाब म्हणजे आपल्याकडे पाऊस ओढून आणणारा जो उन्हाळ्यातला कमी दाबाचा पट्टा पाकिस्तान-इराणकडे असतो ना, त्याचंच पश्चिमेकडचं टोक. त्यामुळे इकडे गोदेला पाणी यायचे महिने आणि तिकडे तुमच्या लेकीच्या डोलकाठीवर ठणठण वाजायचे महिने एकच.

ती ठणठण काय आहे तेही सांगते कारण मला वाटतं तुमची अर्धी झोप त्या आवाजानेच उडवलीये. शीड वर चढवायची दोरी असते, ती डोलकाठीला समांतर खाली येते, वाऱ्याने हलते आणि ॲल्युमिनियमच्या पोकळ डोलकाठीवर आपटत राहते. आत झोपलेल्या माणसाला ती घंटेत झोपल्यासारखी ऐकू येते, पण त्यात धोका शून्य. लेकीला सांगा ती दोरी बंजीने म्हणजे ताणणाऱ्या लवचीक दोरीने बाजूला ओढून बाजूच्या तारेला बांध, तिला बहुतेक माहिती असेल, पण सात दिवसांत माणूस आळसावतो. आणि शिट्टी म्हणजे डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या तारांमधून जाणारा वारा. साधारण पंचवीस नॉटच्या, म्हणजे ताशी पंचेचाळीसेक किलोमीटरच्या पुढे ती सुरू होते आणि जसा वारा वाढेल तसा तिचा सूर चढत जातो, सवय झालेला माणूस अंथरुणात पडल्या पडल्या आवाजावरून वारा किती ते सांगतो. म्हणजे तुम्ही फोनवर जे ऐकताय तो पुरावाच आहे की वारा खरा आहे. जाऊबाईंना हाच ऐकवा.

बरं, काकांचा मुद्दा. अभिलाष टॉमींचं नाव काढलंत म्हणून सांगते. 'म्हादेई' नावाच्या शिडाच्या बोटीवरून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायला ते मुंबईहून निघाले ते नोव्हेंबर २०१२ मध्ये, पावसाळा पूर्ण संपल्यावर, जुलैत नाही. त्यांच्याआधी दिलीप दोंदेंनी २००९-१० मध्ये त्याच बोटीतून एकट्याने फेरी केली तेव्हाही कुठल्या महिन्यात कुठल्या समुद्रात असायचं हे आधी ठरलेलं होतं. आणि २०१८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने जग फिरायच्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात टॉमींना खरंच मोठं वादळ लागलं तेव्हा बोट उलथली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार बसला आणि फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. नंतर बरे होऊन पुढच्या शर्यतीत दुसरे आले, माणूस थोरच आहे, पण तिथे जवळपास आडोशाला जायला एक खाडी नव्हती म्हणून त्यांना ते सोसावं लागलं. तुमच्या जावयांना खाडी मिळालीये आणि ते त्यात बसलेत. काकांना म्हणावं टॉमींना विचारलंत तर तेही बसा म्हणतील.

आणि सव्वाशे किलोमीटर म्हणजे कसारा घाट उतरून मुंबई नव्हे. लिवाडी ते अथेन्स साठ-पासष्ट सागरी मैल, अथेन्स वायव्येला आणि वारा उत्तरेचा, म्हणजे जवळपास तोंडावर. शिडाची बोट वाऱ्याच्या थेट समोर जाऊच शकत नाही, साधारण पंचेचाळीस अंश बाजूला ठेवून जाते, वारा जरा फिरला की नागमोडी वाट काढावी लागते आणि अंतर वाढत जातं. शांत दिवशी त्यांची बोट पाच नॉटने तेरा तासात पोचेल, पुढून लाटा असतील तर वेग तीन-साडेतीनवर येतो आणि तेच अंतर अठरा-वीस तासांचं होतं. तिथल्या एजियन समुद्राच्या लाटा उंचीला फार नसतात पण एकीला एक चिकटून येतात, बोट एकीवरून उतरते ती दुसरीत तोंड खुपसते, डेकवर पाणी, आतलं सगळं सामान जमिनीवर आणि दोघांपैकी एक जण बादली धरून. शिवाय वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. पंधरा नॉटचा वारा तीस झाला की शिडावर, दोरीवर, नांगरावर ताण दुप्पट नाही होत, चौपट होतो. ग्रीसमध्ये लोक वारा बोफर्ट नावाच्या मोजपट्टीत सांगतात, सात बोफर्ट म्हणजे २८ ते ३३ नॉट, ताशी ५० ते ६० किलोमीटर, आठ म्हणजे ३४ ते ४०. लेकीने "सात-आठ आहे" असं सहज म्हटलं असेल आणि तुम्हाला ते आठ म्हणजे काहीच नाही असं वाटलं असेल.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. हे दोघं तिथे नुसते बसलेत असं तुम्हाला वाटतंय आणि काकांना तर पक्कं वाटतंय. तसं नाहीये. लिवाडीची खाडी उत्तरेच्या लाटांपासून एकदम सुरक्षित, तळ चिखल-वाळूचा, नांगर चांगला धरतो, पण भोवती डोंगर आहेत आणि मेल्तेमी त्या डोंगरांवरून खाली कोसळतो. म्हणजे पाच मिनिटं काही नाही आणि मग एकदम पाण्यावर पांढरी रेघ पळत येते आणि बोट आडवी झुकून एका बाजूला ओढली जाते, साखळी ताणते, बोट परत सरळ होते आणि पुन्हा दुसऱ्या बाजूला. असं दिवसभर आणि रात्रभर. मी पुढच्या केबिनमध्ये झोपायचे, डोक्यापासून हातभर अंतरावर साखळीची पेटी, तिथे साखळी तळाच्या दगडावरून सरकली की तिचा घर्र आवाज लाकडातून थेट कानात यायचा, आणि त्या घर्र मध्ये एखादा हिसका वेगळा वाटला की झोपेतून उठून बॅटरी घेऊन डेकवर. काही नसायचं बहुतेक वेळा, परत येऊन पडायचं, पण उठायचंच.

या दिवसात त्यांचा दिवस साधारण असा जातो. सकाळी उठल्यावर आधी नांगर जागेवर आहे का ते बघणं, किनाऱ्यावरची दोन ठिकाणं धरून ठेवलेली असतात, चर्चचा घुमट आणि मागचा विजेचा खांब असं काहीतरी, ते एका रेषेत दिसतायत तोवर बोट हललेली नाही. मोबाईलवर नांगराचा अलार्म लावलेला असतो, बोट ठरवलेल्या वर्तुळाबाहेर गेली की बोंबलतो. मग साखळी. सहा मीटर खोली असेल, वर बोटीच्या टोकाची उंची एक मीटर धरा, झाले सात, शांत हवेत त्याच्या पाचपट साखळी सोडतात म्हणजे पस्तीस मीटर, पण असा वारा असेल तर सातपट म्हणजे पन्नासच्या आसपास. दहा मिलिमीटरची साखळी मीटरला सव्वादोन किलोच्या जवळपास भरते, म्हणजे शंभर किलोच्या वर नुसती साखळी पाण्यात. ती ताणून हिसके बसू नयेत म्हणून एक जाड नायलॉनची दोरी, स्नबर म्हणतात, साखळीला अडकवून बोटीला बांधलेली असते, ती लांबते-आखडते आणि हिसका खाते. ही दोरी जिथे बोटीच्या कडेवर घासते तिथे काही तासांत झिजून तुटू शकते म्हणून तिला जुना पाइप नाहीतर कापडाची पट्टी गुंडाळायची आणि दर थोड्या वेळाने जाऊन बघायचं, रात्रीसुद्धा. वारा जरा पडला की एक जण गॉगल लावून पाण्यात उतरून नांगर किती रुतलाय तेही बघून येतो.

आणि स्वतःचा नांगर धरला तरी शेजारच्याचा धरेल याची खात्री नाही. ऑगस्ट म्हणजे चार्टर बोटींचा सीझन, आठवडाभरासाठी बोट भाड्याने घेतलेली मंडळी संध्याकाळी येतात, घाईने वीस मीटर साखळी सोडतात आणि जेवायला किनाऱ्यावर निघून जातात. रात्री अकराला त्यांची रिकामी बोट मागे मागे सरकत तुमच्या लेकीच्या बोटीवर येते, मग फेंडर, म्हणजे दोन बोटी आपटू नयेत म्हणून मध्ये धरायचे फुगे, घेऊन पळापळ, इंजिन चालू, टॉर्च, ओरडाओरडा. म्हणून अशा वाऱ्यात दोघं एकदम किनाऱ्यावर जात नाहीत, एक जण भाजी-ब्रेड आणायला छोट्या होडीने जातो तेव्हा दुसरा बोटीवर थांबतो. म्हणून कधी एकटीच फोनवर दिसते आणि तुम्ही विचारता ते कुठे गेले, भांडलात का.

हवामान बघणं हे वेगळंच काम. अमेरिकेचं जीएफएस नावाचं हवामानाच्या अंदाजाचं मॉडेल दर सहा तासांनी नवीन येतं, युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ असतं, दोन्ही विंडी नावाच्या हवामानाच्या ॲपवर फुकट दिसतात, पण ती मॉडेल्स समुद्राचे साधारण दहा-दहा किलोमीटरचे चौकोन करून बघतात, दोन बेटांच्या चिंचोळ्या फटीत वारा किती वाढतो हे त्यांना नीट पकडता येत नाही. म्हणून स्क्रीनवर पंचवीस दिसलं की जाणता माणूस बेटाच्या टोकाला तीस-पस्तीस धरून चालतो. आणि दोन्ही मॉडेल्स चोवीस-छत्तीस तासांची एकच गोष्ट सांगायला लागली, दोन-तीन वेळा लागोपाठ, तरच निघतात. बरेचदा पहाटे खाडीत वारा पडतो, एकदम छान शांत, सगळ्यांना वाटतं झालं, काहीजण नांगर उचलून जातातही आणि दुपारी दोनला भर समुद्रात तोच वारा परत उभा राहतो. वारा खरोखर संपला तरी लाटांना खाली बसायला वेळ लागतो. तेव्हा लेक म्हणाली "सकाळी शांत होतं तरी नाही निघालो" तर ते शहाणपण समजा. आणि कृपा करून विंडी डाउनलोड करून जावयांना "उद्या वारा कमी दाखवतंय हो" असं सांगू नका. पुतण्यालाही सांगू देऊ नका.

आता हे सगळं का सांगितलं, तर बोटवाले लोक खराब हवेत बाहेर पडतात ते बहुतेक वेळा अज्ञानाने नाही, तारखेपायी. कुणाचं तरी विमान असतं, पाहुणे यायचे असतात, बोट परत द्यायची असते. आणि काकू, या वेळची तारीख तुमची आहे. २० ऑगस्ट. जावई तोंडाने काही म्हणणार नाहीत, सासू-सासरे पहिल्यांदा येतायत, दोघांना उन्हात एअरपोर्टवर उभं करायचं का, हे त्यांच्या डोक्यात रोज सकाळी विंडी उघडताना असणारच. वर तुमचा तीनदा फोन, आणि प्रत्येक फोनचा पहिला प्रश्न "निघालात का?" मला खात्री आहे की दोघांमध्ये आत्तापर्यंत एकदा तरी "आज जमेल" आणि "नको" वरून वाजलंय, असं अडकल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी सगळ्यांचं वाजतं. आमच्याकडे नियम होता की दोघांपैकी जो नको म्हणेल त्याचं ऐकायचं, कारण विचारायचं नाही. तुम्ही त्यात पडू नका, लेकीची बाजू घेऊन पण नाही आणि जावयांची घेऊन पण नाही.

तुमच्या हातात एकच मोठी गोष्ट आहे आणि ती आजच करा. फोन करून, मेसेज नको, फोनच करा, आणि जावयांना स्वतःला सांगा की अथेन्सला बोट आणायची नाही, आम्ही तुम्ही जिथे असाल तिथे येऊ. बोटवाल्यांकडे जायचं असेल तर एक तर जागा ठरवावी नाहीतर वेळ, दोन्ही एकदम ठरवायला गेलं की कुणाला तरी नको त्या हवेत बाहेर पडावं लागतं. तुमची वेळ ठरलीये, तर जागा त्यांच्यावर सोडा. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून सेरिफोसला थेट फेरी आहे, साधी असेल तर चार-पाच तास, जलद असेल तर त्याहून बरीच कमी, मोठं जहाज असतं, बसायला खुर्च्या, चहा-कॉफी, काकांना आवडेल. ते तोवर दुसऱ्या बेटावर गेले असतील तर तिकडची फेरी घ्यायची. मात्र फेऱ्यासुद्धा फार वारा असला की बंद होतात, तेव्हा जाताना अथेन्समध्ये दोन-तीन रात्रींचं हॉटेल घ्या, फुकट रद्द करता येईल असं, ॲक्रोपोलिस सकाळी लवकर बघा कारण ऑगस्टचं ऊन मालेगावची आठवण करून देतं. आणि परतीच्या विमानाच्या आधी निदान दोन रात्री अथेन्सला येऊन राहा, शेवटच्या दिवसाच्या फेरीवर अजिबात विसंबू नका.

तिकिटाची तारीख थोड्या पैशात बदलता येत असेल तर माझं मत विचाराल तर सप्टेंबरच्या मधल्या-शेवटच्या आठवड्यात जा. मेल्तेमीचा जोर तोवर उतरतो, पाणी पोहण्याइतकं कोमट असतं, गर्दी कमी, आणि काकांना खरंच शीड वर करून जाताना बघायला मिळेल, नाहीतर खाडीतच राहाल. तारीख हलवताना व्हिसावर कुठून कुठपर्यंत आणि किती दिवस लिहिलेत ते आधी बघा, तिकीट एजंट ते बघत नाहीत.

फोनचं म्हणाल तर एक वेळ ठरवा, त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली रात्र, जेवणं झाल्यावर, आणि एकदाच. "निघालात का" च्या ऐवजी "झोप झाली का, आज नांगर कसाय" असं विचारा, बघा लेक कशी बोलायला लागते ते, तिला हे कुणाला तरी सांगायचंच असतं. भाजी काय केली विचारा. कंटाळा येतो का विचारा, येतो हो, फार येतो, सगळी पुस्तकं वाचून होतात, पत्त्यांचे डाव होतात, कपडे धुवावेत तर पाणी जपून वापरायचं आणि वाळत घातले तर चिमटे तोडून उडून जातात, झाकणं बंद ठेवून आत कोंदट होतं. या सगळ्याची तक्रार आईकडे करायला मिळाली तर नवऱ्याकडे कमी होते.

त्या जहाजांच्या ॲपचं सांगते. बोटीवर एआयएस नावाचा ट्रान्समीटर असतो, त्याचा सिग्नल किनाऱ्यावरच्या स्टेशनने पकडला तर ॲपवर दिसतो. डोंगर मध्ये आला, स्टेशन लांब असलं किंवा पोरांनी नांगरावर बॅटरी वाचवायला तो बंद केला की बोट गायब. गायब म्हणजे बुडाली नव्हे. ॲप काढून टाका, त्यापेक्षा हे करा. बोटीचं नाव, तिचा एमएमएसआय म्हणजे रेडिओवरचा ओळख नंबर, आणि आणीबाणीचा बीकन असतो त्याला इपर्ब म्हणतात, त्याच्या नोंदणीत किनाऱ्यावरचा संपर्क म्हणून कुणाचा नंबर दिलाय, एवढं लेकीकडून एका कागदावर लिहून घ्या. तुमचा नंबर असेल तर बीकन वाजला की बचाव केंद्रातून तुम्हाला फोन येऊ शकतो, तेव्हा अनोळखी परदेशी नंबर म्हणून कट करू नका. आणि जेव्हा केव्हा ते निघतील तेव्हा निघताना एक मेसेज, कुठे जातोय, साधारण किती वाजता पोचू, आणि त्यानंतर किती तास उलटल्यावर तुम्ही काळजी करायला सुरुवात करायची, हे तिघांनी मिळून ठरवा. समजा संध्याकाळी सहाला पोचायचे आहेत आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबायचं ठरलं, तर सकाळपर्यंत थांबायचं, सात वाजता जाऊबाईंना फोन नाही. ठरलेली वेळ उलटून गेली तर ग्रीसच्या कोस्ट गार्डचं बचाव केंद्र पिरेअसला आहे, तिकडच्या तिकडून १०८ लागतो, भारतातून लावायचा नंबर मात्र लेकीकडूनच आत्ता घेऊन त्याच कागदावर लिहा.

पैशांचं, जाऊबाईंच्या शंकेचं. नांगरावर राहायला बहुतेक काही लागत नाही, खर्च मरीनात, म्हणजे बोटी लावायच्या भाड्याच्या धक्क्यावर, आत बांधलं की असतो, तेव्हा अडकून पडल्याने पैसे संपतात असं नाही, उलट वाचतात. बाकी त्यांची शिल्लक किती हे विचारायचं असेल तर ते वाऱ्याच्या आडून विचारू नका, सरळ विचारा, आणि आत्ता नको, हवा निवळल्यावर.

जाताना सामान मऊ बॅगेत भरा, चाकांची कडक सूटकेस बोटीवर ठेवायला जागाच नसते, ती कुणाच्या तरी पलंगावर झोपते. काकांच्या बीपीच्या गोळ्या ठरलेल्या दिवसांपेक्षा दहा दिवस जास्तीच्या घ्या, प्रिस्क्रिप्शनसकट, अडकलात तर बेटावर तीच गोळी त्याच नावाने मिळेल असं नाही. घाटात घ्यायची अ‍ॅवोमिन चालते पण झोप आणते, डॉक्टरांना बीपीच्या गोळ्यांचं सांगून विचारून घ्या आणि समुद्रात मळमळायला लागल्यावर नाही, निघायच्या बरंच आधी घ्यायची. भाजणी, मेतकूट, चिवडा, कुळथाचं पीठ भरपूर न्या, वाऱ्यात अडकलेल्या दिवशी कुळथाचं पिठलं आणि भात यासारखं काही नाही. तूप, पेढे, खवा काही नको, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, एअरपोर्टवर काढून टाकतील आणि तुम्हाला वाईट वाटेल. काकांना आधीच सांगून ठेवा की बोटीवर कधी निघायचं हे त्या दोघांनी ठरवायचं, सासरे म्हणून नाही आणि गंगापूर धरणावर बोटिंग केलंय म्हणूनही नाही.

आणि हो, लेकीकडे कुकर असणार, हलत्या बोटीवर घट्ट झाकणाचं तेच एक भांडं भरवशाचं आणि गॅसही कमी लागतो. कुठल्या कंपनीचा आणि किती लिटरचा ते विचारून त्याच्या दोन रिंगा आणि एक शिट्टी घेऊन जा, तिकडच्या बेटांवर मिळत नाहीत.